परदेशात मुलांना स्वच्छता शिकवायला जायचंय? आधी सोलापूरच्या पूर्व भागातल्या अंगणवाडीत बस

प्रश्न : मी सोलापूरची, बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक संस्था केनियात चार आठवडे बालवाडीतल्या मुलांना आरोग्य आणि स्वच्छता शिकवायला स्वयंसेवक म्हणून नेते. विमानाचं तिकीट सोडून फी दीड लाख. आई नको म्हणते, बाबा म्हणतात तूच ठरव. सिस्टर, जाऊ का? गेले तर तिथे नेमकं काय शिकवायचं? इथून काय तयारी करून जाऊ?

उत्तर :

जा. पण मुलांना शिकवायला म्हणून जाऊ नकोस, तिथल्या बाईंच्या हाताखाली काम करायला जा. संस्था अशी सोय करून देणार नसेल तर जाऊ नकोस.

केनियात शाळेच्या पहिल्या दोन वर्गांना पीपी-१, पीपी-२ म्हणतात, आपली बालवाडीच. त्या वर्गासमोर वर्षभर एक शिक्षिका उभी असते. चार आठवड्यांनी तू सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूर स्टेशनवर उतरशील तेव्हा ती तिथेच, त्याच मुलांसमोर असेल. मुलांनी हात धुवायचे की नाही हे तिच्या हातात आहे, तुझ्या नाही. परदेशी पाहुणी येते, गाणं म्हणते, फुगे वाटते, मुलं खूश होतात आणि पाहुणी गेल्यावर साबणाची वडीही जाते. मी महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होते. नंतर काही काळ पश्चिम केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला आणि नेपाळमध्ये शाळेतल्या शिक्षकांना हेच काम शिकवत होते. हा प्रकार दोन्हीकडे बघितला. बाईंना बाजूला सारून पाहुणीने तास घेतला की बाईंचं त्या कामावरचं मन उडतं, आणि नंतर ते कोणीच करत नाही.

आता शिकवायचं काय? तुझ्या डोक्यात बहुतेक जंतूंचे तक्ते आणि ‘हात धुण्याच्या सात पायऱ्या’ असतील. ते नर्सिंगच्या मुलींसाठी ठीक. चार वर्षांच्या पोराला जंतू कळत नाही, त्याला क्रम कळतो. संडासातून आलं की इकडे वळायचं, साबण घ्यायचा, गाणं संपेपर्यंत चोळायचं, मग खाऊ. एवढं रोज त्याच जागी, त्याच वेळी झालं की ते अंगवळणी पडतं. साबणाने हात धुण्याची सवय लावली तर मुलांमधलं हगवणीचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी उतरतं, असं अनेक चाचण्या एकत्र तपासून निघालेलं आहे. पण त्या चाचण्यांमध्ये मुलांना नुसतं सांगून सोडलेलं नव्हतं. बऱ्याच ठिकाणी साबण दिला होता, आठवण करून दिली जात होती, मागे कोणी तरी लागलेलं होतं.

बांगलादेशातला एक छोटा प्रयोग मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. दोन प्राथमिक शाळांमध्ये संडासापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत फरसबंद वाट केली, तिच्यावर रंगाने पावलं काढली आणि हात धुण्याच्या जागी हाताचे ठसे रंगवले. भाषण नाही, तक्ता नाही, गाणंसुद्धा नाही. आधी संडासातून आल्यावर साबणाने हात धुणारी मुलं ४ टक्के होती. रंग दिल्याच्या दुसऱ्या दिवशी ६८ टक्के झाली आणि सहा आठवड्यांनी ७४. शाळा दोनच होत्या, त्यामुळे आकडे डोक्यावर घेऊन नाचू नकोस. पण मुलांच्या पायाखाली आणि डोळ्यांसमोर काय आहे याने केवढा फरक पडतो, ते कळतं. तुझ्या चार आठवड्यांतला पहिला आठवडा मी रंगाच्या डब्यावर आणि वाटेवर घालवला असता.

नळ नसला तर? बऱ्याच शाळांत नसतोच. तिथे ‘टिपी टॅप’ करतात. झिंबाब्वेत १९८० च्या दशकात निघालेली ही युक्ती आज आफ्रिकाभर आणि आपल्याकडेही दिसते. पाच लिटरचा रिकामा कॅन घ्यायचा, तापवलेल्या खिळ्याने त्याच्या तोंडाखाली भोक पाडायचं आणि दोन खुंटांवर आडव्या ठेवलेल्या काठीला तो अडकवायचा. खाली जमिनीवर दुसरी काठी, ती सुतळीने कॅनच्या गळ्याला बांधलेली. काठीवर पाय दिला की कॅन वाकतो आणि पाण्याची धार येते. नळाला हात लागतच नाही, पाणीही थोडक्यात भागतं. साबणाला भोक पाडून तो बाजूला टांगायचा. खाली खडी टाकायची, नाहीतर डबकं होतं आणि डासांची सोय.

करायला हे अर्ध्या तासाचं काम आहे. घोडं पेंड खातं ते दुसऱ्या दिवसापासून : कॅन भरणार कोण? हे पहिल्याच दिवशी बाईंबरोबर बसून ठरव. मोठ्या वर्गातली दोन मुलं आठवड्याच्या पाळीने, अशी नावं लिहून भिंतीवर लाव. दुसरी गोष्ट साबणाची. वडी नाहीशी होते. मुलं घरी नेतात, कावळे पळवतात, शाळेकडे नवीन आणायला पैसे नसतात. त्यावर उपाय साबणाच्या पाण्याची बाटली. दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर हलवायची, झाकणाला भोक पाडायचं आणि बाटली बांधून ठेवायची. खर्च अगदी किरकोळ, आणि ती पळवावी असं कुणाला वाटत नाही. बाटलीवर प्यायचं पाणी नाही हे कळेल असं चित्र मात्र काढ, लहान मुलांचा भरवसा नाही.

प्रात्यक्षिकासाठी हळद आणि गोडं तेल पुरेसं आहे. मुलाच्या हाताला लावायचं, आधी नुसत्या पाण्याने धुवायला सांगायचं, मग साबणाने. पिवळेपणा कुठे राहिला ते त्याचं त्यालाच दिसतं. बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला, अंगठ्याच्या मागे. हल्ली मोबाईलवर एक प्रयोग फार फिरतो, ताटलीतल्या पाण्यावर मिरपूड टाकून साबणाचं बोट बुडवायचं आणि ‘बघा, जंतू पळाले’ म्हणायचं. मला तो आवडत नाही. मूल त्यातून एवढंच शिकतं की साबणाचं बोट नुसतं लावलं की जंतू आपोआप पळतात. चोळावं लागतं, ही मुख्य गोष्ट राहूनच जाते. चोळणं निदान २० सेकंद हवं. तेवढ्या लांबीचं तिथलंच एखादं गाणं बाईंकडून घे. आपलं गाणं भाषांतर करून नेऊ नकोस.

दातांचं थोडक्यात. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला फ्लोराइडची पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी. ब्रश त्याच्या हातात दिला तरी शेवटचा हात मोठ्या माणसाने फिरवायचा. शाळेत हे जमेल का ते तिथल्या पाण्यावर आणि ब्रशांच्या खर्चावर आहे. नाही जमलं तर सोड. चार आठवड्यांत एक सवय बसली तरी पुष्कळ. हात, दात, नखं, चपला, शिंक, उघडं पाणी सगळं एकदम घेतलंस तर एकही बसणार नाही.

एका गोष्टीकडे मात्र नीट लक्ष दे, कारण नर्सिंगच्या कॉलेजात ही कुणी शिकवत नाही. स्वच्छतेचा तास गरीब मुलाला लाजवायला फार सोपा असतो. आपल्या शाळांत सोमवारी रांगेत नखं तपासायचे, ज्याची वाढलेली त्याला पुढे उभं करायचे. एखादीच्या डोक्यात उवा निघाल्या की वर्षभर तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही. केनियात उवांच्या जागी पायातले जिगर बघायला मिळतील. ही एक प्रकारची पिसू, मातीतून येते आणि तळपायाच्या, बोटांच्या कातडीत घुसून बसते. अनवाणी आणि मातीच्या जमिनीच्या घरात राहणाऱ्या मुलांना ती होते. मूल लंगडतं, शाळा चुकवतं आणि त्यात वर ‘घाणेरडा’ हे नाव पडतं. तू वर्गात सगळ्यांचे पाय बघायला लागलीस की ती मुलं दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. तसंच दातांचं. रिफ्ट व्हॅलीच्या पट्ट्यात जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या कित्येक मुलांच्या दातांवर तपकिरी डाग असतात. ब्रशने ते निघत नाहीत आणि त्यात मुलाचा काडीचा दोष नाही. नखं बघायचीच असतील तर आधी तुझी दाखव, मग बाईंची, मग सगळ्यांनी आपापली बघायची. कुणाला पुढे बोलवायचं नाही. कुणाचा पाय, कान, त्वचा दुखणाईत दिसली तर बाईंच्या कानावर घाल, त्या पुढे कम्युनिटी हेल्थ प्रमोटरला सांगतील. आपल्या आशा ताईंसारखं हे काम आहे. केनिया सरकारने २०२३ मध्ये अशा साधारण एक लाख कार्यकर्त्यांना साहित्याचे किट देऊन कामाला लावलं. स्वतः जिगर काढायला बसू नकोस, गोळ्या देऊ नकोस. इथे तू अजून विद्यार्थिनी आहेस, विमानात बसल्याने डॉक्टर होत नाहीस.

आता तयारी. त्यासाठी सोलापूरसारखं गाव नाही, हे मी गावाच्या प्रेमापोटी म्हणत नाही. तुला अशा मुलांसमोर उभं राहायचंय ज्यांची भाषा तुला येत नाही. पूर्व भागात जा. विडी कामगारांच्या, यंत्रमागावरच्या घरांतली मुलं अंगणवाडीत येतात तेव्हा तेलुगूच बोलतात. अक्कलकोटच्या बाजूला गेलीस तर कन्नड. सेविकेची परवानगी घे, आठवड्यातून दोन दिवस जाऊन बस. पहिले काही दिवस तोंड उघडू नकोस. ती मुलांना कशी वळवते, कुठल्या शब्दाला मुलं उठतात, खाऊच्या आधी हात धुवायला किती वेळ जातो आणि पोरं कुठे गर्दी करतात ते बघ. मग तिच्याकडून दहा शब्द शिक आणि हातवाऱ्यांनी काम कर. तेलुगू मुलांकडून मराठी न बोलता हात धुऊन घेता आले की तिथल्या किस्वाहिली भाषेची भीती उरणार नाही.

पाण्याचंही तसंच. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. उजनी भरलं तरी पाळी काही सुटत नाही. पिंप भरून ठेवायचं, लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढायचं, हात बुडवायचा नाही, हे तुझ्या आईला पाठ आहे. तीच विद्या तिथल्या शाळेत लागते. चोवीस तास नळ असलेल्या गावातून आलेले स्वयंसेवक मुलांना वाहत्या पाण्याखाली हात धरायला सांगताना मी पाहिलेत, आणि मागे बसलेल्या बाई शांतपणे पिंपाकडे बघत होत्या.

अंगणवाडीत आणखी एक सवय लावून घे, मोजायची. मुलं आपण बघत असताना हात धुतात, पाठ वळली की नाही. म्हणून साबण मोज. सोमवारी वडीचं वजन करून ठेव, शनिवारी पुन्हा कर. वजन मुलांचं तोंड बघून खोटं बोलत नाही. तिथल्या बाईंनाही ही युक्ती आवडते, कारण त्यांना रोज पहारा द्यावा लागत नाही. बाटली असेल तर पातळीची खूण करायची.

संस्थेबद्दल. दीड लाख कशाचे, ते लेखी माग : राहणं-जेवण किती, शाळेला किती, संस्थेला किती. फी घेणं हेच वाईट असं मी म्हणणार नाही, तुझं जेवणखाण कुणीतरी भरणारच. पण शाळेच्या वाट्याला काही जात नसेल तर तू सहल विकत घेते आहेस. तुलनेसाठी सांगते, संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. तो प्रत्यक्ष जाणाऱ्या स्वयंसेवकाकडून पैसे घेत नाही, उलट निर्वाहभत्ता देतो. निवड कडक असते आणि बहुतेक जागांना अनुभव लागतो. पण तुझी डिग्री होऊन दोन-तीन वर्षं नोकरी झाली की तो रस्ता बघण्यासारखा आहे.

शाळेऐवजी ‘अनाथालय’ असेल तर सरळ नाही म्हण. नेपाळ आणि कंबोडियातल्या पाहण्यांत दिसलंय की अशा घरांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात असतात. पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून मुलं आणून ठेवली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या कायद्याच्या वेळी अनाथालयांसाठी मुलं नेण्याचा प्रकार आधुनिक गुलामगिरीत धरला. केनियाने २०१७ मध्ये नवीन बालगृहांची नोंदणीच थांबवली. आणि नुसत्या मायेच्या बाजूने बघितलं तरी, दर महिन्याला नवी ताई येऊन कडेवर घेते आणि निघून जाते, हे आधीच आईपासून तुटलेल्या मुलाला किती वेळा सोसायला लावायचं?

परवान्याचं विचार. केनियात २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, घ्यावी लागते. पण फिरायला मिळालेल्या परवानगीवर काम करणं, मग ते बिनपगारी का असेना, पुष्कळ देशांत चालत नाही. ‘विमानतळावर टुरिस्ट सांगा’ असं कुणी सुचवलं तर ती संस्था तुझी जबाबदारी घेणार नाही हे समजून जा. शिवाय ते तुझ्याकडून पोलीस पडताळणीचा दाखला मागतात का, मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी नियम आहेत का? हे न मागणारी संस्था कुणालाही मुलांजवळ सोडते.

तारखा! तिथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं. एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सुट्ट्या असतात. आपल्याकडे परीक्षा संपली म्हणून एप्रिलमध्ये गेलीस तर शाळेला कुलूप असेल, आणि संस्था तुला ‘हॉलिडे कॅम्प’ दाखवील.

तुझी निवड झाली की कुणीतरी सत्कार करील आणि भाषणात डॉ. कोटणीसांचं नाव घेईल, सोलापुरात ते चुकायचं नाही. घेऊ दे. पण भैय्या चौकातल्या स्मारकात एकदा निवांत जाऊन ये. भाषणांत त्यांचा त्याग सांगतात, मला त्यांची पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. १९३८ मध्ये पाच डॉक्टर चीनला गेले ते चीनने मागितले म्हणून. कोटणीस जाताना पूर्ण शिकलेले डॉक्टर होते. तिथे ते चिनी भाषा शिकले, तिथल्या दवाखान्यात तिथल्या लोकांच्या व्यवस्थेत राबले आणि १९४२ मध्ये तिथेच गेले. शाळेने तुला मागितलंय का, की संस्थेने तुला शाळेवर टाकलंय? पैसे भरण्याआधी मुख्याध्यापकांशी फोनवर बोलायला माग. आपण नैरोबीच्या अडीच तास पुढे आहोत, त्यामुळे दुपारी दीडला लावलास तर तिथे अकरा वाजलेले असतात. त्यांना एकच विचार : तुमच्या शाळेला काय हवंय? उत्तरात ‘रंग’ किंवा ‘पाण्याची टाकी’ आलं आणि ‘स्वयंसेवक’ आलं नाही, तर तुला बरंच काही कळेल.

दीड लाख जमत नसतील तर त्यात कमीपणा नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. इंटरनेटवरून त्यांनी आपल्या मुलांना परदेशातल्या वर्गांशी बोलतं केलं होतं. पूर्व भागातली अंगणवाडी आणि केनियातल्या किसुमूचा पीपी-२ महिन्यातून एकदा पडद्यावर एकमेकांना आपापला टिपी टॅप दाखवू शकतात. चार आठवड्यांच्या फेरीपेक्षा हे मला जास्त टिकाऊ वाटतं. पण तरुणपणी जग बघावं असंही वाटतं, म्हणून तुला अडवत नाही.

आईंना काळजी तब्येतीची असणार, ते शेवटी सांगते. केनियासाठी पिवळ्या तापाची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते, त्यामुळे पुण्या-मुंबईची तारीख लवकर घे. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी टोचलेली हवी. दाखला आता जन्मभर चालतो. तो नसला तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. अंड्याची ॲलर्जी असेल तर टोचण्याआधी सांग. हिपॅटायटिस बी तुझं झालेलं असेलच, टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए चं डॉक्टरांना विचार. सरोवराच्या बाजूला मलेरिया भरपूर, म्हणून प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घे आणि मच्छरदाणीशिवाय झोपू नकोस. व्हिक्टोरिया सरोवरात पाय बुडवायचा मोह होईल, बुडवू नकोस. बिलहार्झियाचे जंतू पाण्यातून थेट कातडीत शिरतात. सामान बांधताना प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग काढून टाक. केनियात २०१७ पासून त्यांच्यावर कडक बंदी आहे आणि दंड मोठा आहे. मुलांसाठी चॉकलेट नको, फोटोसाठी मुलांना रांगेत उभं करणं नको. एकही चेहरा बाईंना आणि पालकांना विचारल्याशिवाय स्टेटसवर टाकू नकोस.

परत आल्यावर काही आठवड्यांत, अगदी दोन-तीन महिन्यांनीही ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी काढा पीत बसू नकोस. त्याच दिवशी सिव्हिलला किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, आणि नाव सांगायच्या आधी सांग की मी केनियातून आलेय, मलेरियासाठी रक्त तपासा.